पनवेलचे चाक

एकोणिसाव्या शतकात देशावरून पनवेलच्या बंदरावर उतरलेली बैलगाडी माल रिकामा करून परत फिरे, तेव्हा तिच्यात मीठ असे, तांदूळ असे, मुंबईचे कापड आणि लोखंडी सामान असे. बहुतेक वेळा चाकांची एक नवी जोडीही असे. इंग्रज अमदानीतल्या गॅझेटियरने पनवेलविषयी लिहिताना ही गोष्ट मुद्दाम टिपली आहे. या गावचा मुख्य धंदा गाडीची चाके करण्याचा, आणि देशावरून येणारी प्रत्येक गाडी इथून एखाद-दुसरी जोडी घेऊन जाते, अशा अर्थाची ती नोंद आहे. खाडीकाठच्या गावाची ओळख होड्यांवरून, जाळ्यांवरून किंवा मिठावरून व्हावी, तर ती झाली चाकांवरून.

माणसाने चाक शोधले हे आपण शाळेत शिकतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. ते चाक एखाद्या मुलखात आले की तिथल्या माणसांचे काय होते, हा प्रश्न राहून जातो. पनवेल ते पुणे या वाटेवर त्याचे उत्तर तीसचाळीस वर्षांच्या अवधीत घडताना दिसते, आणि ते बरेचसे कागदोपत्री नोंदलेलेही आहे. म्हणून ही हकीकत सांगण्यासारखी आहे.

बोरघाटाची वाट फार जुनी. कार्ले-भाजेची लेणी ज्या व्यापारी मार्गाच्या आधाराने कोरली गेली, तोच हा मार्ग. पण या दोन हजार वर्षांत घाटातून माल वाहिला तो बैलांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर. लमाण आणि वंजारी यांचे तांडे शेकडो बैल घेऊन वर-खाली करत. धान्य खाली येई, मीठ वर जाई. तांड्याला सडक लागत नसे. जिथे पाणी आणि चारा तिथे मुक्काम, आणि बैलाच्या खुराला पुरेल एवढी पायवाट असली की झाले. पेशवाईतल्या फौजांनाही दाणागोटा याच तांड्यांनी पुरवला.

देशावर गाडे नव्हते असे नाही. पण ते अवजड, मोजके आणि गावाच्या शिवारापुरते होते. काहींना चक्क दगडाच्या अखंड चकत्या चाकांच्या जागी असत. असा गाडा ओढायला बैलांच्या अनेक जोड्या लागत, आणि तो लांबच्या प्रवासाचे साधन कधीच नव्हता. घाटाचे तर बोलायलाच नको. मुंबईच्या एखाद्या साहेबाला आपली घोडागाडी पुण्याला न्यायची असली, तर घाटाच्या पायथ्याशी ती दांड्यांना टांगून हमालांच्या खांद्यांवरून वर चढवावी लागे. चाके असलेली वस्तू माणसांनी खांद्यावर वाहायची, अशी ही स्थिती होती.

या घाटात चाकासाठी पहिली वाट झाली ती व्यापाऱ्यासाठी नव्हे आणि शेतकऱ्यासाठी तर नव्हेच. १८०३-०४ च्या मराठे-इंग्रज युद्धाच्या सुमारास जनरल वेलस्लीने तोफा नेता याव्यात म्हणून पनवेल-पुणे रस्ता करवला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. तोफेला चाक लागते, चाकाला सडक लागते, आणि सडक झाली की राज्य घाटावर पोचते, हा त्यातला सरळ हिशेब होता. पेशवाई बुडाल्यावर या वाटेचे महत्त्व आणखी वाढले, कारण आता मुंबई आणि पुणे एकाच सरकारच्या हातात होते. कॅप्टन ह्यूजच्या देखरेखीखाली घाटात वळणावळणाचा गाडीरस्ता बांधला गेला आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तो खुला केला. त्याच्या नावाचा शिलालेख घाटात लावण्यात आला. लगेच जकातनाका बसला, आणि सुरुवातीलाच त्याचा मक्ता वीस हजार रुपयांना गेला. त्या काळचे वीस हजार! कोकण आणि देश यांच्या मधली भिंत पडली होती, आणि पडलेल्या भिंतीतून जाण्याचे पैसे द्यावे लागत होते.

सडक झाली तरी तिच्यावर चालेल अशी गाडी कुठे होती? दगडी चाकाचा गाडा घाटात निरुपयोगी. १८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंदापूर-सोलापूरकडे गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमीनमोजणी सुरू होती. त्या मोजणी खात्यातल्या गेसफर्ड नावाच्या अधिकाऱ्याने सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णीला सुतार-लोहार बसवून हलकी, आऱ्यांच्या चाकांची, एका बैलजोडीने ओढता येईल अशी गाडी करवून घेतली. ती शेतकऱ्याला पटली. पाहता पाहता तिची नक्कल गावोगाव झाली. आज आपण ‘आपली पारंपरिक बैलगाडी’ म्हणून जिची चित्रे काढतो, ती देशावरची दुबैली गाडी या रूपात फार जुनी नाही. मोजणी खात्याला गाडीचे एवढे अगत्य का, याचे कारण पुढे येईल.

बैलाचे गणित गाडीने पार बदलून टाकले. दोन बैल पाठीवर मिळून जेवढे ओझे नेत, त्याच्या दुपटीहून जास्त ते पक्क्या सडकेवर गाडीला जुंपल्यावर ओढत. शिवाय रोज सकाळी गोण्या लादायच्या आणि संध्याकाळी उतरवायच्या, हा खटाटोप वाचला. कापूस, गूळ, धान्य यांच्या गाड्या पनवेलकडे लागल्या. तिथून भरतीच्या वेळी मचवे आणि पडाव माल घेऊन मुंबईला सुटत. सडकेचा शेवट आणि पाण्याची सुरुवात जिथे होते, ते ठिकाण पनवेल होते.

आता चाकाकडे. लाकडी चाक दिसायला साधे, पण सुताराच्या कसबाची परीक्षा त्याच्यात असते. मध्ये तुंबा, म्हणजे जो आसाभोवती फिरतो तो जाड ओंडा. तो चिवट आणि न तडकणाऱ्या लाकडाचा हवा. तुंब्यात भोके पाडून आरे ठोकायचे, आणि प्रत्येक आरा नेमक्या मापाचा हवा, नाहीतर चाक लंगडते. आऱ्यांच्या टोकांवर बाकदार पुठ्ठे बसवून घेर पुरा करायचा. वाकस, पटाशी, करवत, सामता, एवढ्या हत्यारांवर हे सारे काम होई. मग लोहाराची पाळी. लोखंडी पट्टीची धाव चाकाच्या घेरापेक्षा जराशी लहान करून तिचे कडे जोडायचे, गोवऱ्यांच्या जाळात ती लाल करायची, फुगली की चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. धाव आवळली की आरे, पुठ्ठे, तुंबा सगळे एकमेकांत गच्च बसतात. खिळा न मारता, निव्वळ आवळण्याच्या जोरावर ते चाक वर्षानुवर्षे टिकते.

हा धंदा पनवेललाच का वाढला, याची कारणे भूगोलात आहेत. देशावरचा पूर्वेकडचा मुलूख उजाड, इमारती लाकडाची वानवा. पनवेलच्या मागे मात्र सह्याद्रीच्या उताराचे जंगल. लोखंड मुंबईला विलायतेहून उतरे आणि होडीने एका भरतीत पनवेलला येई. शिवाय गिऱ्हाईक आपल्या पायांनी येत होते. बोरघाट उतरताना भरलेली गाडी अंगावर येऊ नये म्हणून चाके अडवत, घासत खाली आणावी लागत. खडीच्या सडकेने धावा झिजत. पनवेलला पोचेपर्यंत गाडीवानाला कळून चुकलेले असे की ही चाके परतीचा चढ काढणार नाहीत. तो तिथेच नवी घेई, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी जास्तीची एक जोडीही.

मला या व्यवहारातली सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच वाटते. गावातला सुतार हा बलुतेदार. कुणब्याचा नांगर, कुळव, पाभर दुरुस्त करायची आणि खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा, हे त्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते. त्याचे गिऱ्हाईक ठरलेले, मोबदला ठरलेला आणि जागाही ठरलेली. पनवेलचा सुतार सोलापूरच्या अनोळखी कुणब्याला रोख पैशाने चाक विकत होता. तो कोणाच्या गावकीत बांधलेला नव्हता. त्याच्या हातात रोकड आली, तसाच बाजारही त्याच्या मानेवर बसला. गाड्या आल्या नाहीत तर खळ्यावरचा हक्काचा वाटा मागायला त्याला गाव नव्हते. बलुत्याची चौकट मोडायला कायदे आणि सुधारक लागले, हे खरे. पण त्याच्या कितीतरी आधी एका चाकाने तिला पनवेलच्या बाजारात भोक पाडले होते.

एका साधनाने दुसरी साधने मागितली. मऊ मातीवर चालणाऱ्या बैलाला नाल लागत नाही, खडीवर चालणाऱ्याला लागतो. म्हणून नालबंद आले. लोखंडी धावांनी सडक उखडते, म्हणून दरवर्षी खडी फोडणारी माणसे लागली. गाडीवान रात्री थांबतो, म्हणून धर्मशाळा, कडबा, वंगणाचे तेल, खाणावळी. अडते आणि वखारवाले आले. १८४९ साली कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी इथे आपले बेथ एल सिनेगॉग बांधले. १८५२ साली पनवेलला नगरपालिका स्थापन झाली, तीही राज्यातल्या अगदी पहिल्या नगरपालिकांपैकी एक. घाटाच्या सडकेशिवाय त्या काळात पनवेलला नगरपालिका मिळाली असती, असे मला वाटत नाही.

देशावरच्या कुणब्याचे वर्षही या गाडीने बदलले. पूर्वी सुगी संपली की मृगापर्यंत बैल मोकळे. आता दिवाळीनंतर तो भाड्याने गाडी हाकू लागला. पनवेलची एक खेप केली की सरकारी हप्त्यापुरती रोकड हाती येई. सारा रोखीत भरायचा होता, आणि शेतातल्या जोंधळ्याची रोकड व्हायला गाडी लागत होती. मोजणी खात्याला गाडीचे अगत्य होते ते इथे. गाडी फिरली तर बाजारभाव टिकतो, बाजारभाव टिकला तर सारा वसूल होतो.

पहिल्या मोजणीत ठरलेल्या साऱ्याचा तीस वर्षांचा करार संपल्यावर १८६७ पासून इंदापूर आणि पुणे जिल्ह्यातल्या इतर तालुक्यांची फेरमोजणी झाली. तेव्हा अधिकाऱ्यांनी काय मोजले? माणसे, बैल, विहिरी, आणि गाड्या. तीस वर्षांपूर्वी तालुक्यात गाड्या किती होत्या, आता किती आहेत, याचे आकडे अहवालात भरभराटीचा पुरावा म्हणून मांडले गेले. गाड्या अनेक पटींनी वाढल्या, अर्थात रयत सुखी झाली, अर्थात सारा वाढवायला हरकत नाही. अनेक गावांत सारा निम्म्याहून जास्त वाढला. ज्या गाडीने हप्ता भरायला मदत केली, तीच हप्ता वाढवायला साक्षीदार म्हणून उभी केली गेली. हे वाचताना मला आजही संताप येतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या फुगलेल्या वर्षांच्या छायेत हे दर ठरले. पुढे भाव कोसळले, रेल्वेमुळे लांबची भाडी तुटली, कर्जे थकली, आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. दख्खनचे दंगे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उठावाची कारणे पुष्कळ आहेत, पण गाडीभाड्याचे बुडालेले उत्पन्न त्यांत धरलेच पाहिजे.

लमाणांचे तर याहून वाईट झाले. त्यांचे सारे जगणे सडक नसलेल्या मुलखावर उभे होते. सडक आली आणि त्यांचे कसब बिनकामाचे ठरले. मुलूखभर फिरणारे, कोणत्याही गावाच्या दफ्तरात नसलेले हे लोक आता सरकारी नजरेत संशयित झाले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या जाळ्यात भटक्या समाजांपैकी अनेकांना ओढले गेले, आणि तो कलंक स्वातंत्र्यानंतर कायदा रद्द झाला तरी पुसला गेला नाही. शतकानुशतके मिठाची गोणी पोचवणारा माणूस रिकाम्या हातांनी फिरू लागला म्हणून गुन्हेगार ठरला. ज्या साधनाचे आपण कौतुक करतो, त्याच्या हिशेबात ही बाजू लिहिली जात नाही. ती लिहायला हवी.

रेल्वेने सडकेची जागा घेतली ती एका दिवसात नव्हे. १२ मे १८५६ रोजी लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला, १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, आणि मधला घाट मात्र तसाच राहिला. पाच वर्षे उतारू खोपोलीला उतरत, पालखीतून, गाडीतून किंवा पायी घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसत. घाटातल्या कामावर एका वेळी बेचाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पंचवीस बोगदे खणले गेले. पटकी, ताप आणि सुरुंग यांनी हजारो माणसे गेली. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातून आगगाडी धावली. ती कल्याण-कर्जतवरून गेली. पनवेल बाजूला पडले. पुढची शंभर वर्षे पनवेलला रेल्वे आली नाही.

तरी चाकाचा धंदा लगेच मेला नाही, हे ध्यानात घ्यायला हवे. आगगाडी सुरू होऊन वीस वर्षे झाल्यावरही गॅझेटियर पनवेलचा मुख्य धंदा म्हणून चाकांचेच नाव घेते. नवे साधन जुन्याला एका फटक्यात संपवत नाही. स्टेशनापर्यंत माल पोचवायला गाडीच लागत होती. फक्त गाडीचा पल्ला आखडला, आणि आखडत गेला.

याच वाटेवर आणखी एक माणूस घडला. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके, जन्म १८४५ चा. त्यांच्या लहानपणी हा गाडीरस्ता भरात होता, आणि तरुणपणी त्यांनी नोकरी धरली ती आधी जीआयपी रेल्वेत, मग पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात. पहिली कचेरी नव्या साधनाचीच. १८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी देशावरची उपाशी माणसे पाहिली आणि रामोशी, कोळी यांना घेऊन बंड उभारले. मे १८७९ मध्ये त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांच्या तुकडीने पळस्पे आणि चिखली इथे धाडी घातल्या. पळस्पे म्हणजे पनवेलहून पुण्याकडे जाणाऱ्या सडकेवरचेच गाव. फडक्यांना पकडायला मात्र सरकारकडे तार होती, आगगाडी होती, सडका होत्या. शिवाजी महाराजांच्या काळात सह्याद्रीचा अवघडपणा हाच बंडखोराचा किल्ला होता. तो फडक्यांच्या काळात उरला नव्हता. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

विसावे शतक मी भराभर ओलांडतो, कारण त्यात पनवेलला जे मिळाले आणि जे गेले ते वाचकांना ठाऊक आहे. मोटारी आल्या. बैलगाडीला रबरी टायर लागले आणि धाव चढवणारा लोहार, आरे ठोकणारा सुतार यांची गरज सरली. १९६० च्या दशकात दिवा-पनवेल लोहमार्ग झाला. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पनवेल-उरणकडची भातशेती नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि जगभर एकाच मापाची असलेली लोखंडी पेटी, कंटेनर, इथल्या शेतांतून जाऊ लागली. त्या पेटीने पुन्हा तेच केले. तिने रुंद रस्ते मागितले, गोदामे मागितली, ट्रेलर हाकणारे मागितले, आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाचे काम काढून घेतले. १९९८ मध्ये हार्बर मार्गाची लोकल पनवेलला पोचली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उलवे नदीचा प्रवाह वळवून आणि डोंगर कापून उभ्या केलेल्या विमानतळाचे उद्घाटन झाले.

पनवेल तालुक्यातल्या कळंबोलीहून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. २००२ पासून तो पूर्ण लांबीने वाहता आहे. बोरघाटातूनच जातो, टोलही घेतो. पायी चालणारा, दुचाकी आणि बैलगाडी यांना त्याच्यावर मज्जाव आहे.

माल्कमचे नाव दगडात कोरले गेले. ह्यूज, गेसफर्ड, विंगेट यांची नावे दफ्तरात सापडतात. जकातीच्या मक्त्याची रक्कम रुपयांत सापडते. ज्या चाकांवर हे सगळे चालले, ती करणाऱ्या एकाही पनवेलकर सुताराचे किंवा लोहाराचे नाव गॅझेटियरच्या त्या नोंदीत नाही. पनवेल परिसरात सुतारकाम आणि लोहारकाम केलेल्या घराण्यांत आजही वयस्कर माणसे आहेत. कोणाच्या माळ्यावर जुना सामता असेल, कोणाच्या पेटीत देणेघेण्याची वही असेल, कोणाला आजोबांनी सांगितलेली घाटातली हकीकत आठवत असेल. शहराचा इतिहास लिहिणाऱ्या संस्थांनी, शाळांनी, महापालिकेने या लोकांकडे जावे आणि त्यांच्याकडून नावे लिहून घ्यावीत. हे काम पुढच्या पिढीवर टाकता येणार नाही.